वेगवान मोटारी आणि अर्धवट आकडे

नववीच्या वर्गावर ऑफ तास होता. मागच्या बाकावर एका वहीभोवती पाच-सहा डोकी गोळा झाली होती. वही पुढे मागवली. वाटले, कोणाची तरी गाण्यांची वही असेल. पण पानभर व्यवस्थित रेघा मारून तक्ता केला होता. शीर्षक होते, ‘जगातील सर्वांत वेगवान दहा मोटारी’. चार रकाने होते : मोटारीचे नाव, कमाल वेग, अश्वशक्ती, आणि ० ते १०० वेग गाठायला लागणारे सेकंद. अक्षर सुरेख होते. ज्या मुलाची वही त्याला भौतिकशास्त्रात जेमतेम पस्तीस गुण पडत. मोटारींचे सगळे आकडे मात्र त्याला दशांशासह पाठ होते.

आम्ही माजलगावात विज्ञान आणि गणित शिकवणारे काही शिक्षक आहोत. ती वही त्या दिवशी शिक्षक-खोलीत आली आणि दोन दिवस तिथेच राहिली. मुलाला एकच प्रश्न विचारला होता, “हा वेग मोजला कसा?” त्याला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही आले नाही. आकडे कुठून घेतले, हे मात्र त्याने लगेच सांगितले. काही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, बाकीचे मोबाइलवरच्या चित्रफितींतून. मग आम्ही अशा दहा-बारा पुरवण्या आणि तेवढ्याच चित्रफिती पाहिल्या. सगळीकडे तेच चार रकाने. हा लेख म्हणजे त्या चार रकान्यांचे परीक्षण आहे.

आधीच सांगतो, मुलांच्या या आवडीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. या मोटारींमागचे यंत्रशास्त्र अव्वल दर्जाचे आहे. आमची तक्रार अशी की, हे लेखन त्या यंत्रशास्त्राबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. आकडा सांगते आणि आकड्याचा अर्थ गाळते.

पहिला रकाना : कमाल वेग

वहीत सर्वांत वर ताशी ४९० कि.मी. हा आकडा होता. बुगाटी कंपनीच्या शिरॉन या मोटारीच्या एका खास आवृत्तीने ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीतील एरा-लेसीन येथील चाचणीमार्गावर ४९०.४८४ कि.मी. वेग गाठला. चालक होता अँडी वॉलेस. हा आकडा मुलांच्या मनात नीट बसावा म्हणून आपल्या धरणाकडे जाऊ. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाची मातीची भिंत सुमारे ६.५ कि.मी. लांब आहे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला सव्वा तास पुरत नाही. ताशी ४९० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे १३६ मीटर. या वेगाने ती भिंत ४८ सेकंदांत संपते. एरा-लेसीनचा सरळ मार्ग जवळजवळ ८.७ कि.मी. आहे, म्हणजे आपल्या धरणाच्या भिंतीपेक्षाही लांब. एवढी सरळ, सपाट, मोकळी पट्टी नसेल तर हा वेग गाठताच येत नाही. म्हणजे कमाल वेग हा एकट्या मोटारीचा गुण नाही. त्यात रस्त्याचाही वाटा आहे. आम्ही पाहिलेल्या एकाही यादीत रस्त्याची लांबी दिलेली नव्हती.

दुसरी गोष्ट दिशेची. शिरॉनची ती धाव एकाच दिशेने झाली होती. वेगाच्या विक्रमांची जुनी, मान्य पद्धत अशी की, मोटारीने त्याच मार्गावर एकदा जायचे आणि ठरलेल्या वेळात उलट दिशेने परत यायचे. दोन्हींची सरासरी हा विक्रम. जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम याच नियमाने मोजतात. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन याने ‘थ्रस्ट एसएससी’ हे जेट इंजिनांचे वाहन ताशी १,२२७.९८५ कि.मी. वेगाने चालवले. तो आकडाही दोन्ही दिशांची सरासरी आहे, आणि दोन्ही धावा एका तासाच्या आत पुऱ्या कराव्या लागतात.

दोन्ही दिशा कशाला, असे मुले विचारतील. त्यांना कोनिगसेग कंपनीच्या अगेरा आरएस या मोटारीचे उदाहरण द्यावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात बंद केलेल्या महामार्गावर तिची चाचणी झाली. एका दिशेने वेग भरला ४५७.९४ कि.मी., उलट दिशेने ४३६.४४ कि.मी. मोटार तीच, चालक तोच, रस्ता तोच आणि दिवसही तोच. तरी फरक २१ कि.मी.पेक्षा जास्त! उतार आणि वारा यांचा हा प्रताप. विक्रम म्हणून सरासरी धरली गेली ती ४४७.१९ कि.मी. आता वहीत शिरॉनचा एकदिशा आकडा आणि अगेराचा सरासरी आकडा एकाखाली एक लिहून पहिला-दुसरा क्रमांक लावला होता. वर्गात आपण सेंटिमीटर आणि इंच एकत्र मिळवू देत नाही. येथे तसेच झाले आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या विजेवरच्या मोटारीने जर्मनीत पापेनबुर्गच्या मार्गावर ४९६.२२ कि.मी. वेग गाठला. तोही एकाच दिशेचा आहे. मुलाने हा आकडा नंतर वहीत सर्वांत वर लिहिला. लिहायला हरकत नाही. पण शेजारी ‘एक दिशा’ एवढे दोन शब्द हवेत.

आकडा तपासणारे सामान्य प्रेक्षक

या विषयातला सर्वांत शिकवण्याजोगा प्रसंग यादीत कधीच येत नाही. अमेरिकेतील एसएससी या छोट्या कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले की, त्यांच्या टुआटारा या मोटारीने दोन्ही दिशांची सरासरी ५०८.७३ कि.मी. नोंदवली असून एका दिशेने ती ५३२.९३ कि.मी. वेगाने गेली. जगभर बातम्या झळकल्या. कंपनीने धावेची चित्रफीतही प्रसिद्ध केली.

ती चित्रफीत काही मोटारप्रेमी मंडळींनी बारकाईने पाहिली. अगेरा आरएस ज्या महामार्गावर धावली होती, तोच हा महामार्ग. रस्त्याकडेच्या ओळखू येणाऱ्या खुणा त्यांनी उपग्रहाच्या नकाशावर शोधल्या, दोन खुणांमधील अंतर मोजले, आणि तेवढे अंतर कापायला चित्रफितीत किती सेकंद लागले ते घड्याळ लावून पाहिले. अंतर भागिले वेळ. आलेला वेग जाहीर केलेल्या आकड्याच्या बराच खाली होता. इंजिनाचे फेरे आणि गिअरचे प्रमाण यांवरून काढलेला वेगही जुळेना. गदारोळ झाला तेव्हा कंपनीने पुन्हा चाचणी घेण्याचे मान्य केले. जानेवारी २०२१ मध्ये फ्लॉरिडात दोन्ही दिशांची सरासरी भरली ४५५.३ कि.मी. पुढे त्याच वर्षी कंपनीने कबूल केले की, आधीच्या धावेत मोटार त्या वेगापर्यंत पोहोचलीच नव्हती.

शिक्षकमित्रांनो, या प्रसंगात वापरलेले सूत्र सातवी-आठवीच्या मुलाला येते. वेग = अंतर ÷ वेळ. त्याने एका जागतिक विक्रमाचा फुगा फोडला. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही की पदवी लागली नाही. लागला तो एक संशय, आणि तो तपासून पाहण्याची चिकाटी. वेगवान मोटारींवर मराठीत लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग डोक्यावर घ्यायला हवा होता. आम्ही पाहिलेल्या मजकुरात तो एकदाही आढळला नाही. एका पुरवणीत तर तो रद्द झालेला ५०८ चा आकडा अजूनही दिमाखात छापलेला होता.

याला जोडून आणखी एक प्रश्न येतो. जी मोटार धावली तीच दुकानात मिळते का? बुगाटीच्या वेरॉन सुपर स्पोर्टने २०१० मध्ये ४३१.०७२ कि.मी.चा विक्रम केला. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या मोटारीचा वेग मात्र टायर जपण्यासाठी ४१५ वर अडवलेला होता. या मुद्द्यावरून २०१३ मध्ये गिनेसने तो विक्रम आधी बाजूला ठेवला आणि पुढे पुन्हा मान्य केला. शिरॉनच्या त्या आवृत्तीलाही ४४० ची वेसण घालूनच ती विकली गेली. म्हणजे ‘४९० ची मोटार’ विकत घेणारा मनुष्य ४९० ने जाऊच शकत नाही.

दुसरा रकाना : अश्वशक्ती

यादीतली अश्वशक्ती वाचताना असे वाटते की, जितके घोडे जास्त तितका वेग त्याच प्रमाणात जास्त. मुलांची समजूत तीच आहे. आम्ही विचारून पाहिले. ‘दुप्पट शक्ती दिली तर वेग किती होईल?’ वर्गातील बहुतेक हात ‘दुप्पट’ या उत्तराला वर गेले.

सायकलवर वाऱ्याविरुद्ध शाळेत येणाऱ्या मुलांना खरे उत्तर अंगाने ठाऊक असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या रोधाविरुद्ध दर सेकंदाला खर्चावी लागणारी ऊर्जा, म्हणजे शक्ती, ही रोध गुणिले वेग. म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी.

हे फळ्यावर करून दाखवता येते. हवेची घनता घनमीटरला १.२ कि.ग्रॅ. धरा. मोटारीच्या समोरच्या बाजूचे क्षेत्रफळ आणि तिच्या आकाराचा रोध-गुणांक यांचा गुणाकार अशा मोटारींसाठी अंदाजे ०.७५ चौ.मी. धरा. मग हवेसाठी लागणारी शक्ती = ½ × १.२ × ०.७५ × वेगाचा घन, म्हणजे ०.४५ × वेग³. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, उत्तर वॉटमध्ये येते.

ताशी १०० कि.मी.ला (२७.८ मी./से.) उत्तर येते सुमारे ९,६०० वॉट, म्हणजे १३ अश्वशक्ती. एवढी ताकद साध्या मोटारसायकलच्या इंजिनातही असते. ताशी ४०७ कि.मी.ला (११३ मी./से.) येते सुमारे ६,५०,००० वॉट, म्हणजे ८८० अश्वशक्तीच्या आसपास. आता मूळ वेरॉन आठवा. २००५ साली आलेल्या या मोटारीचा वेग होता सुमारे ४०७ कि.मी. आणि इंजिन होते १,००१ अश्वशक्तीचे. वरच्या शंभर-सव्वाशे अश्वशक्ती टायरचे घर्षण आणि गिअरपेटी यांत जातात. ताशी ४९० ला आपले सूत्र सांगते सुमारे १,५४५ अश्वशक्ती. शिरॉनच्या त्या आवृत्तीत आहेत १,६००. फळ्यावरचा हिशेब आणि कारखान्याचा आकडा इतके जवळ आलेले पाहून वर्गात टाळ्या पडल्या. त्या आम्हाला नव्हत्या, सूत्राला होत्या.

या हिशेबातून दिसते ते असे : ४०७ वरून ४९० वर जाणे म्हणजे वेगात फक्त २० टक्के वाढ, पण त्यासाठी हवेच्या बाजूने मागणी आली ७५ टक्के जास्त शक्तीची. अश्वशक्तीचा मोठा आकडा मोटारीचा गुण म्हणून मिरवला जातो. प्रत्यक्षात तो हवेला भरावा लागणारा कर आहे. अभियंत्याची हुशारी दिसते ती हा कर कमी करण्यात. शिरॉनच्या त्या आवृत्तीची शेपटी मुद्दाम लांब केली, कारण मागे हवेचे भोवरे जितके कमी तितका ओढ कमी. ही लांब शेपटी छायाचित्रात सर्वांना दिसते, पण ती का आहे हे एकाही यादीने सांगितले नव्हते.

न छापलेले रकाने : उष्णता आणि टायर

पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. १,००१ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७३६ किलोवॉट. तेवढी कामाला लावायची तर त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता बाहेर टाकायला हवी. म्हणूनच वेरॉनच्या सोळा सिलिंडरच्या, आठ लिटरच्या, चार टर्बोचार्जर लावलेल्या इंजिनासाठी आणि बाकीच्या यंत्रणेसाठी एकूण दहा रेडिएटर बसवले होते. आपल्या ट्रॅक्टरला एक असतो. पूर्ण वेगाने गेल्यास तिची १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी होई. १२ मिनिटांत अंतर कापले जाईल ८१ कि.मी. लिटरला किती कि.मी. पडले, ते मुलांना काढू द्यावे.

टायरचा प्रश्न तर याहून अवघड. गोफण फिरवलेल्या मुलाला हे समजावणे सोपे आहे. गोफण जितकी जोरात फिरवावी तितका दगड दोरीला अधिक ओढतो. टायरच्या पृष्ठभागावरचा रबराचा प्रत्येक कण म्हणजे गोफणीतला दगड. ताशी ४९० ला चाकाची त्रिज्या ३५ सें.मी. धरली तर चाक सेकंदाला सुमारे ६२ फेरे घेते. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केले तर त्वरण येते सुमारे ५३,००० मी./से.², म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या ५,४०० पट. रबराचा एक ग्रॅमचा कण या वेळी साडेपाच किलोच्या वजनाइतक्या जोराने सुटून जाऊ पाहतो. शिरॉनच्या धावेसाठी बनवलेले टायर बसवण्यापूर्वी क्ष-किरणांनी तपासले होते ते याचसाठी. इंजिन आणखी शक्तिमान करणे एक वेळ शक्य असते. वेगाला खरी मर्यादा घालतो तो टायर. यादीत टायरला रकाना नाही.

तिसरा रकाना : ० ते १००

येथे आपण घराजवळ येऊ. मुलांच्या वहीत एक नाव तारा काढून ठळक केले होते, ‘बातिस्ता – भारतीय!’ मुंबईच्या महिंद्र समूहाने पिनिनफरीना ही जुनी इटालियन आरेखन संस्था घेतली आणि २०१८ मध्ये ‘ऑटोमोबिली पिनिनफरीना’ ही नवी मोटार कंपनी काढली. तिची पहिली मोटार बातिस्ता २०१९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात जगापुढे आली. विजेवर चालणारी, चार चाकांना चार मोटरी, सुमारे १,९०० अश्वशक्ती. भांडवल मुंबईचे, कचेरी म्युनिकची, जुळणी इटलीतील कंबियानोची आणि बॅटरी-मोटरींचे तंत्र क्रोएशियाच्या रिमात्स कंपनीचे. ‘भारतीय’ हा शब्द येथे किती ताणायचा, हा समाजशास्त्राच्या तासाचा चांगला विषय होईल. पण या मोटारीची एक चाचणी मात्र खरोखर आपल्या देशात झाली. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ हा ११.३ कि.मी. लांबीचा लंबगोल चाचणीमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. तेथे बातिस्ताने ताशी ३५० कि.मी.च्या वर वेग गाठला. मुंबईच्याच वझिरानी ऑटोमोटिव्ह या छोट्या कंपनीने २०२१ मध्ये ‘एकोंक’ ही एका माणसाची, ७३८ कि.ग्रॅ. वजनाची, ७२२ अश्वशक्तीची विजेची मोटार दाखवली. तिचा पिथमपूरचा आकडा कंपनीने ३०९ कि.मी. सांगितला.

बातिस्तासाठी ० ते १०० ला १.८६ सेकंद हा आकडा कंपनीने जाहीर केला आहे. यातून सरासरी त्वरण किती? २७.८ भागिले १.८६, म्हणजे १४.९ मी./से.². हातातून सोडलेला दगड ज्या त्वरणाने खाली पडतो त्याच्या दीडपट! साध्या टायरचा आणि रस्त्याचा घर्षणांक १ च्या आसपास असतो, म्हणजे मोटरी कितीही ताकदीच्या असल्या तरी साधा टायर एवढे त्वरण देऊच शकणार नाही. तो जागीच फिरेल. म्हणून अशा मोटारींना मऊ, चिकट रबराचे खास टायर आणि चारही चाकांना ओढ लागते, आणि कोणत्या चाकाला क्षणाक्षणाला किती ओढ द्यायची हे ठरवणारी संगणक-यंत्रणा लागते.

या रकान्यात एक छुपी सूटही असते. अमेरिकेतील पद्धतीत कित्येकदा मोटार पहिला एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. एका फुटाने काय होते? हिशेब करू. त्वरण १० मी./से.² धरले तर ०.३०५ मी. सरकायला लागणारा वेळ √(२ × ०.३०५ ÷ १०), म्हणजे पाव सेकंद. तोवर मोटारीचा वेग झालेला असतो ताशी ९ कि.मी. म्हणजे हे ‘० ते १००’ नव्हेच, ‘९ ते १००’ आहे. दोन सेकंदांच्या स्पर्धेत पाव सेकंदाची सूट म्हणजे थोडीथोडकी नव्हे. वहीतल्या दहा आकड्यांपैकी कोणते सूट घेऊन मोजले आणि कोणते न घेता, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

चौथा रकाना, जो कोणीच आखला नाही

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

माजलगाव हा उसाचा भाग. गळीत हंगामात गढी रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. आमचा एक माजी विद्यार्थी, वहीतल्या मुलासारखाच मोटारींचे आकडे तोंडपाठ असणारा, एका रात्री दुचाकीवरून येत असताना अशाच एका उभ्या ट्रॉलीवर आदळला. जीव वाचला. पाय वाचायला तीन शस्त्रक्रिया लागल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “सर, ऐंशीवरच होतो. फार नव्हतो. ट्रॉली दिसल्याबरोबर ब्रेक दाबला होता.”

त्याचे म्हणणे खरे होते. ब्रेक त्याने दाबलाच होता. घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. दिव्याच्या उजेडात ट्रॉली ४० मीटरवर दिसली असे धरा. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. चांगला ब्रेक, कोरडा रस्ता असेल तर मंदन ७ मी./से.² धरता येईल. वेग ताशी ६० असेल तर त्या एका सेकंदात १६.७ मी. आणि ब्रेक लागल्यावर १९.८ मी., एकूण ३६.५ मी. गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबते. वेग ८० असेल तर पहिल्या सेकंदातच २२ मी. संपतात. उरलेल्या १८ मीटरमध्ये वेग उतरतो तो फक्त ताशी ५६ पर्यंत. म्हणजे ६० ने येणारा सुखरूप थांबला असता, तिथे ८० ने येणारा ब्रेक दाबूनही ५६ च्या वेगाने आदळतो. वीस कि.मी.चा फरक, आणि परिणाम असा. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

हे सूत्र पाठ्यपुस्तकात आहे. आम्ही ते त्या मुलाला शिकवले होते, त्याने परीक्षेत लिहिलेही होते. पण आमच्या उदाहरणांतली मोटार नेहमी ‘एकसमान वेगाने’ धावत राहिली. ती कधी कोणासमोर थांबली नाही. तेव्हा दोष एकट्या पुरवण्यांना आणि चित्रफितींना देता येणार नाही. वेग सांगून थांबणे न सांगण्याची चूक आम्हीही केली.

गंमत अशी की, बातिस्ताच्या अभियंत्यांनी ही चूक केलेली नाही. ताशी १०० वरून पूर्ण थांबायला ३१ मीटर, हा आकडा कंपनीने अभिमानाने दिला आहे. हिशेब केला तर मंदन येते सुमारे १२.४ मी./से.². ब्रेक, टायर आणि हवेने मोटारीला रस्त्यावर दाबून धरण्याची योजना, या सर्वांचा कस तेथे लागतो. १.८६ सेकंद हा आकडा वहीत होता. ३१ मीटर हा नव्हता. ज्या लेखनातून वही भरली त्याने तो उचललाच नव्हता, कारण थांबण्याची बातमी होत नाही.

वर्गात काय करावे

आम्ही जे केले ते सांगतो. शाळेजवळच्या रस्त्याकडेला, रस्त्यापासून पुरेसे दूर उभे राहून, टेपने १०० मीटर मोजून दोन खुणा केल्या. एक मूल पहिल्या खुणेशी हात खाली करी, दुसरे दुसऱ्या खुणेशी स्टॉपवॉच बघे. टायरगाडी, सायकल, ट्रॅक्टर, एस.टी., सर्वांचे वेग काढले. मग चूक किती हे विचारले. हाताने घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ताशी ६० ने जाणाऱ्या एस.टी.ला १०० मीटरला ६ सेकंद लागतात, तेव्हा उत्तर ५८ ते ६२ च्या दरम्यान कुठेही येऊ शकते. अंतर ५० मीटर घेतले तर चूक दुप्पट होते. आणि ताशी ४९० ची मोटार? ती १०० मीटर पाऊण सेकंदाच्या आत ओलांडेल, ०.२ सेकंदाची चूक धरली तर आपले उत्तर दीडशे कि.मी.नेही चुकेल. मोठा वेग मोजायला लांब अंतर किंवा अचूक घड्याळ का लागते, हे मुलांना व्याख्यानाविना कळले.

मोटारींबद्दलचा कोणताही मजकूर वाचल्यावर विचारायचे सहा प्रश्न आम्ही वर्गात लावून ठेवले आहेत. कोणी मोजले? एका दिशेने की दोन्ही? रस्ता किती लांब? विकतात तीच मोटार होती का? घड्याळ कधी सुरू केले? आणि किती मीटरमध्ये थांबते? ज्या मजकुरात यांपैकी निम्म्यांचीही उत्तरे नाहीत, तो विज्ञानाचा मजकूर नव्हे, जाहिरात आहे, असे मुलांनीच ठरवले.

शेवटी इतिहासातली एक नोंद. ताशी १०० कि.मी.ची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार पेट्रोलवर चालत नव्हती. १८९९ मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्सी याने फ्रान्समध्ये १०५.८८ कि.मी. वेगाने चालवलेली ती मोटार विजेवर चालणारी होती. सव्वाशे वर्षांनी वहीतल्या पहिल्या ओळीत पुन्हा विजेचीच मोटार आली आहे. पुढे कोणती येईल ते सांगवत नाही. हवेचा घनाचा नियम मात्र तिलाही तोच कर मागेल.

वही आम्ही मुलाला परत दिली. त्याने चार रकान्यांच्या उजवीकडे पट्टीने आणखी तीन रेघा मारल्या. ‘दिशा’, ‘कोणी मोजले’, ‘थांबायला मीटर’. तिसऱ्या रकान्यात अजून एकच आकडा आहे, ३१. बाकीची नऊ घरे रिकामी आहेत. त्यांचे आकडे शोधायचे काम चालू आहे.